घोटभर पाणी आणि हक्काची लढाई : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



मार्च महिना आला की शाळाशाळांतून जागतिक जल दिनाची तयारी सुरू होते. २२ मार्चला मुलं चित्रं रंगवतात, घोषवाक्यं लिहितात, पाणी वाचवण्याची प्रतिज्ञा घेतात. हे सगळं चांगलंच आहे, ते व्हायलाच हवं. पण या दिवसाच्या बरोबर दोन दिवस आधी, म्हणजे २० मार्चला, आपल्या महाराष्ट्रात पाण्यासाठीची एक फार मोठी घटना घडलेली आहे. ती आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो. तीही बऱ्याचदा दोनच ओळींत. गावाचं नाव, तळ्याचं नाव, साल. परीक्षेत रिकाम्या जागी भरायला ती उपयोगी पडते. पाण्याचा पाठ शिकवताना मात्र ती कोणाला आठवत नाही.

पाणी वाचवा, हे मुलांना सांगणं सोपं आहे. पण ज्याला पाणी मिळतं त्यालाच ते वाचवता येतं. ज्याला मिळतच नाही, त्याचं काय? म्हणून आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र एका वेगळ्या बाजूने पाहू या. त्यांच्या पदव्या, ग्रंथ, पदं आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या आयुष्यात पाणी कुठे कुठे अडवलं गेलं आणि त्यांनी ते कसं मोकळं केलं, एवढाच धागा आज हातात धरायचा आहे.

शाळेतला नळ

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू ही मध्य भारतातली लष्करी छावणी. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवायचे. म्हणजे बाबासाहेब एका शिक्षकाचे चिरंजीव, हे आपण शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगडजवळचं आंबडवे. निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. भीम लहान असतानाच आई भीमाबाई वारल्या. घरात आत्यानं मुलांना सांभाळलं.

साताऱ्याच्या शाळेत भीमचं नाव तर दाखल झालं, पण बाकीच्या मुलांसारखं बसता येत नव्हतं. बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा आणि शाळा सुटली की तो परत घरी आणायचा. कारण शाळा झाडणारा माणूसही त्या गोणपाटाला हात लावायला तयार नसे.

पाण्याचं तर याहून अवघड होतं. शाळेत पाण्याचा नळ होता. इतर मुलं तहान लागली की गुरुजींना विचारून जायची, तोटी फिरवायची, पाणी प्यायची. भीमला तोटीला हात लावायची परवानगी नव्हती. दुसऱ्या कोणीतरी तोटी उघडून द्यायची आणि मग त्यानं प्यायचं. हे काम शाळेच्या शिपायाकडे होतं. शिपाई जागेवर असेल तर पाणी, नसेल तर घरी जाईपर्यंत तहान.

इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखं आहे. त्या शाळेत पाण्याची टंचाई नव्हती. नळ होता, नळाला पाणी होतं, ते स्वच्छही असेल. एका मुलाला स्वतःच्या हाताने तोटी फिरवता येत नव्हती, एवढंच. आणि एवढ्यानेच त्याच्यासाठी ते पाणी नसल्यासारखं झालं होतं. पाण्याच्या हक्काचा सगळा प्रश्न या एका तोटीत आहे, असं मला वाटतं.

दुष्काळातलं तळं आणि तहानलेली मुलं

सन १९०१. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावं असं त्यांनी पत्राने कळवलं. भीम, त्याचा मोठा भाऊ आणि भाचरं अशी सगळी लहान मुलंच नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने निघाली. आयुष्यातला पहिलाच आगगाडीचा प्रवास. आनंद काय विचारता!

मसूर स्टेशनवर मुलं उतरली, पण न्यायला कोणीच आलेलं नव्हतं. मुलांचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. मुलांचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आले. मुलं महारांची आहेत हे कळल्याबरोबर त्यांचा चेहराच बदलला आणि ते मागे सरले. स्टेशनाबाहेर बैलगाड्या होत्या, पण या मुलांना गाडीत घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक गाडीवान तयार झाला. त्यातही अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार.

मुलांजवळ जेवणाचा डबा होता, पण पाणी नव्हतं. वाटेत एक ओहोळ लागला. त्यातलं पाणी चिखलाचं, जनावरांच्या शेणामुताने घाण झालेलं. वास इतका की तोंडाला लावणं शक्य नव्हतं. घास गिळायला पाणी नाही म्हणून डबा तसाच बांधून ठेवला. मध्यरात्रीच्या सुमाराला गाडी टोलनाक्यावर पोचली. गाडीवानाने सुचवल्याप्रमाणे भीमने नाकेदाराला आपण मुसलमान असल्याचं सांगितलं आणि पाणी मागितलं. तरीही पाणी मिळालं नाही. डोंगरावर जा, तिथे मिळेल, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. डब्यात अन्न असूनही ती मुलं त्या रात्री उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला ती वडिलांकडे पोचली.

बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला आहे. मुलांना सांगताना यातली एक गोष्ट सुटू देऊ नका. वडील जिथे काम करत होते तिथे तलाव खोदला जात होता. लोकांसाठी पाणी साठवण्याचा हिशोब रामजींच्या हातात होता आणि त्यांच्याच मुलांना रस्त्यात घोटभर पाणी मिळत नव्हतं.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. त्या ओहोळाचं पाणी पिण्यावर कोणी बंदी घातली नव्हती. घाण पाणी सगळ्यांना खुलं होतं. बंदी होती ती स्वच्छ पाण्यावर. आजही ज्या वस्तीला नळ नाही, तिच्या वाट्याला गढूळ डबकं येतं आणि मागोमाग जुलाब, कावीळ, विषमज्वर हे आजार येतात. हक्क नाकारला की आजार आपोआप चालून येतो.

शिक्षण वाढलं, तरी पाण्याचं भांडं वेगळंच

पुढे कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत एका खोलीत राहून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१२ मध्ये बी.ए. झाले. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. एवढं शिकून १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात राहिले, तिथूनही जमावाने त्यांना बाहेर काढलं.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या तासाला मन लावून बसायचे. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यावं, याला तिथल्या काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशातल्या पदव्या घेतलेला प्राध्यापक, आणि तरी साताऱ्याच्या शाळेतली तोटी इथेही त्याच्या मागे आलीच.

आपण मुलांना नेहमी सांगतो की शिका, म्हणजे मान मिळेल. ते खरंच आहे, पण अर्धंच. एकटा माणूस शिकून मोठा झाला तरी समाजाची रीत आपोआप बदलत नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवलं. म्हणूनच लंडनहून डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतल्यावर त्यांनी फक्त स्वतःची वकिली केली नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सगळ्यांचा प्रश्न हातात घेतला.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

पाण्याचा प्रश्न त्याआधीही महाराष्ट्रात विचारला गेला होता. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळी हे मोठ्या धैर्याचं काम होतं. पण तो हौद त्यांचा स्वतःचा होता. एका मोठ्या मनाच्या माणसाने आपल्या घरचं पाणी दिलं. जे पाणी कोणा एकाचं नाही, सगळ्यांच्या पैशातून राखलं जातं, त्याचं काय, हा पुढचा प्रश्न होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सांभाळल्या जाणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या, महाड नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला.

ठराव झाला, कागदावर सही झाली, पण तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. महाडला बाजारहाटाला, कचेरीच्या कामाला आजूबाजूच्या खेड्यांतून दलित माणसं यायची. त्यांना त्या तळ्याचं पाणी पिता येत नव्हतं. मुसलमान तिथलं पाणी नेत होते, गुरंढोरं पाणी पीत होती. बंदी फक्त या माणसांना होती. तीन वर्षं हे असंच चाललं.

२० मार्च १९२७

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खूप खटपट केली होती. गावोगावहून हजारो माणसं पायी आली. त्यांना प्यायला पाणी लागणार होतं. गावात भलंमोठं तळं असताना परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. वर्गात हा आकडा जरूर सांगा. ज्याला हक्क नाही त्याला पाणी विकत घ्यावं लागतं, हे मुलांना यातून लगेच कळतं. टँकरची वाट बघणाऱ्या घरातल्या मुलाला तर ते सांगावंही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली तेव्हा अनंतराव चित्रे यांनी सगळ्यांनी आत्ताच तळ्यावर जावं अशी सूचना मांडली. सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हेही या कामात बाबासाहेबांबरोबर होते. ही सगळी सवर्ण घरांतली माणसं. लढाई माणसांच्या एका जातीविरुद्ध नव्हती, अन्यायाच्या रीतीविरुद्ध होती, हे मुलांना समजावं म्हणून ही नावं सांगणं गरजेचं आहे.

भर उन्हात रांगेने, शांतपणे मिरवणूक महाडच्या रस्त्यांवरून चवदार तळ्यावर गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यांच्यामागे बाकीचे प्यायले. कोणाचं काही हिसकावलं नाही, कोणाला ढकललं नाही. नगरपालिकेनेच तीन वर्षांपूर्वी जे कागदावर लिहिलं होतं, तेवढंच केलं.

त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला. लोक जेवायला बसले होते. अन्न मातीत गेलं, बायामुलांनाही मार बसला, अनेक जण जखमी झाले. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला. बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते. त्यांच्या एका शब्दावर हजारो माणसं उलटून उभी राहिली असती. त्यात सैन्यात नोकरी केलेलेही होते. पण त्यांनी लोकांना आवरलं, कोणालाही प्रतिकार करू दिला नाही आणि पोलिसांकडे रीतसर तक्रार केली. पुढे खटला चालून हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाली.

गावातल्या काही मंडळींनी मग तळं बाटलं म्हणून त्याचं शुद्धीकरण केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. आपण विज्ञानाच्या तासाला पाणी कशाने दूषित होतं ते शिकवतो. माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध होतं आणि शेण घातल्याने शुद्ध होतं, हे कोणत्याच पाठात बसत नाही. पाचवीच्या मुलालाही हा विचार कुठे चुकला ते कळतं.

दहा वर्षांचा खटला

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. बोले ठराव मंजूर झाल्याला त्याच दिवशी चार वर्षं पूर्ण होत होती. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला सत्याग्रह करायचं ठरवलं. त्याआधीच, १२ डिसेंबर १९२७ ला, महाडमधल्या काही सवर्णांनी न्यायालयात दावा लावला. हे तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची रीत फार पूर्वीपासून आहे, असं त्यांचं म्हणणं. दोनच दिवसांत न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

तरीही २५ डिसेंबरला हजारो लोक महाडला जमले. याच परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला जागा द्यायला गावात कोणी तयार नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. लोक सत्याग्रहासाठी उत्सुक होते. कित्येकांनी तुरुंगात जायची तयारी ठेवली होती. पण बाबासाहेबांनी मनाई हुकूम मोडला नाही. लोकांना समजावून सत्याग्रह पुढे ढकलला. शांतपणे मिरवणूक निघाली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. एवढ्या लोकांचा उत्साह आवरणं सोपं नव्हतं. मारामारीने मिळवलेलं पाणी उद्या दुसरा मारामारीने काढून घेईल. न्यायालयातून मिळवलेला हक्क टिकेल, एवढा लांबचा विचार त्यामागे होता.

खटला चालत राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. त्यावर ठाण्याच्या न्यायालयात अपील झालं. जानेवारी १९३३ मध्ये तेही फेटाळलं गेलं. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १७ मार्च १९३७ रोजी तिथेही अपील फेटाळलं गेलं. तळं खाजगी नव्हे, ते नगरपालिकेकडे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रीत अनादी काळापासून असल्याचं सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा सार.

तारखा लावून बघा. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७. दहा वर्षांना तीन दिवस कमी. ओंजळभर पाण्यासाठी तीन न्यायालयं आणि दहा वर्षं. या काळात बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला, लंडनच्या गोलमेज परिषदांना गेले, पुणे करारावर सही केली. १९३५ मध्ये पत्नी रमाबाई वारल्या. पण तळ्याचा खटला त्यांनी मध्येच सोडून दिला नाही.

नद्यांचं खातं

यापुढचा भाग आपल्या पुस्तकांत फारसा येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्या खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला आणि बंगालमध्ये फार हानी झाली. नुसते बांध घालून पूर अडवण्यापेक्षा संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा, धरणातून पूरही आवरावा, शेतीला पाणीही द्यावं आणि वीजही तयार करावी, अशी योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा पुढे १९४८ मध्ये झाला. १९४५ मध्ये त्यांच्याच काळात देशपातळीवर पाटबंधारे आणि जलमार्गांसाठी आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच आला आहे. ओडिशातल्या नद्यांबद्दल कटकला भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. जादा पाणी ही आपत्ती नाही, ते साठवून वापरायची संपत्ती आहे, असा विचार त्यांनी तिथे मांडला.

ज्या मुलाला शाळेत एक तोटी फिरवू दिली नाही, तो देशातल्या नद्यांच्या पाण्याचं नियोजन करत होता. आणि ते पाणी कोणासाठी अडवायचं आणि कोणासाठी सोडायचं, असा भेद त्याने केला नाही.

राज्यघटनेतली विहीर

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून घटना लागू झाली. तिचा अनुच्छेद १५ मुलांबरोबर एकदा नीट वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, हे तर आपण सांगतोच. पण त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारी पैशातून सांभाळलेल्या किंवा जनतेसाठी दिलेल्या अशा ठिकाणांचा वापर करण्यापासून कोणत्याही नागरिकाला या कारणांवरून रोखता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि तलाव हे शब्द का लिहावे लागले असतील? महाडचं तळं ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. अनुच्छेद १७ ने तर अस्पृश्यताच रद्द केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. त्यानंतर जवळपास ५४ वर्षांनी, २८ जुलै २०१० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेच्या सोयी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. १२२ देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारतही होता. विरोधात एकही मत पडलं नाही. ४१ देश तटस्थ राहिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाण्याचा हक्क येतो, असं मानलं आहे. जगाने २०१० मध्ये जे लिहिलं, ते महाडच्या पायऱ्यांवर १९२७ मध्ये माणसांनी करून दाखवलं होतं.

आज आपल्या शाळेत

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावीत असं लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व शाळांत या सोयी सहा महिन्यांत करायला सांगितलं होतं. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा झाला. तरीही गटारात उतरून माणसं मरतात आणि ती माणसं कोणत्या वस्तीतली असतात हे आपल्याला ठाऊक आहे.

कायदा आहे म्हणजे सोय आहे, असं नाही. ठराव आणि पाणी यांच्यात किती अंतर असतं ते महाडने दाखवलंच. स्वच्छतागृह बांधलेलं असतं, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली कपाटात असते. नळ असतो, पण टाकी महिनोन्‌महिने धुतलेली नसते. स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, डोकं दुखतं म्हणून बाकावर डोकं टेकतात, पाळीच्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. दिव्यांग मूल तोटीपर्यंत पोचू शकत नाही. हजेरीपटावर सगळी मुलं सारखी असतात, पण तोटीपाशी ती सारखी असतात का, हे बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. आपण शाळेच्या पाण्याबद्दल, स्वच्छतागृहाबद्दल विचारतो तेव्हा उपकार मागत नसतो. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढणं तक्रारखोरपणा नाही. तो आपल्या मुलाचा हक्क आहे. आणि हे विचारताना फक्त आपल्याच मुलाचा विचार करून चालणार नाही. शेजारच्या वस्तीतल्या मुलालाही त्याच तोटीचं पाणी मिळतंय ना, हेही बघायचं.

येत्या मार्चमध्ये जल दिनाच्या कार्यक्रमाची सुरुवात २० तारखेपासून करता येईल. तिसरी ते सातवीच्या वर्गांत पुढील प्रश्नांवर मुलांना बोलतं करा. उत्तरं आपण आधी सांगू नयेत.

१. साताऱ्याच्या शाळेत नळाला पाणी असूनही भीमला तहान का सोसावी लागली?

२. महात्मा फुल्यांचा हौद आणि महाडचं तळं यांत काय फरक होता?

३. नगरपालिकेचा ठराव झाल्यावरही लोकांना तळ्यावर का जाता आलं नाही? ठराव प्रत्यक्षात येण्यासाठी आणखी काय लागतं?

४. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे का ढकलला असेल? तुम्ही काय केलं असतं?

५. आपल्या शाळेत पाणी कोण भरतं, टाकी कोण धुतं, स्वच्छतागृह कोण साफ करतं? ही कामं नेहमी त्याच मुलांच्या किंवा त्याच माणसांच्या वाट्याला येतात का?

६. आपल्या गावात किंवा वस्तीत कोणाला पाण्यासाठी सगळ्यात लांब जावं लागतं? ते काम घरात कोण करतं?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलं अगदी खरं देतात, त्यामुळे तो विचारताना आपली तयारी हवी. उत्तर ऐकून गप्प बसता येणार नाही. कामाची पाळी सर्वांना सारखी लावायची, त्यात शिक्षकांनीही आपलं नाव घालायचं, स्वच्छतागृहाचं कुलूप काढायचं, तोटी लहान मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर बसवून घ्यायची. एवढं तर आपल्या हातात नक्कीच आहे.